सुवर्णपदक नको, नादारी हवी

निवृत्त अधिकाऱ्याकडे लोक दोन कारणांसाठी येतात. एक, कुठल्यातरी कार्यालयात अडकलेली फाईल हलवून घेण्यासाठी आणि दुसरे, मृत्युपत्र कसे करावे हे विचारण्यासाठी. पहिल्या कामी माझा आता काडीचाही उपयोग नाही. दुसऱ्या कामी थोडाफार होतो. लखनौत आणि आसपासच्या शहरांत स्थायिक झालेली आपली मराठी मंडळी माझ्याकडे येतात. आयुष्यभर रेल्वेत, बँकेत, विद्यापीठात इमानेइतबारे नोकरी केलेली, मुले परदेशी किंवा बंगळूरला मार्गी लागलेली. गाठीला राहता फ्लॅट आणि मुदत ठेवी. चहा संपता संपता ते म्हणतात, "थोडी रक्कम शिक्षणासाठी ठेवावी म्हणतो." हे ऐकून मन भरून येते. पण पुढच्या वाक्याला हमखास विरस होतो. ते वाक्य असे असते : "आईच्या नावाने दहावीत पहिल्या येणाऱ्याला सुवर्णपदक ठेवायचे आहे."

माझा या सुवर्णपदकाला विरोध आहे, आणि तो मी येथे स्पष्टपणे मांडणार आहे.

जे मूल दहावीत पहिले येते ते पदक नसते तरीही पहिलेच आले असते. त्याला आपण काहीही दिलेले नसते. त्याने मिळवलेल्या यशाला आपले नाव तेवढे जोडून घेतलेले असते. पदकाची गरज आपल्याला असते, मुलाला नसते. त्याच वर्गातला जो मुलगा नववीच्या मध्यावर शाळेत दिसेनासा होतो, कारण वडिलांचा हात यंत्रात सापडला आणि घरात दुसरे कमावणारे कोणी उरले नाही, त्याच्यापर्यंत हे पदक कधीच पोहोचत नाही. पारितोषिक शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर उभे असते. ज्याला शर्यतच सोडावी लागली त्याला ते दिसतसुद्धा नाही.

आपल्या भाषेत यासाठी एक जुना, नेमका शब्द होता : नादारी. ज्याची ऐपत नाही तो नादार, आणि त्याला मिळणारी फीमाफी ती नादारी. पूर्ण नादारी, अर्धी नादारी असे तिचे प्रकारही असत. माझे वडील नादारीवर शिकले आणि आठवड्यातून पाच घरी वार लावून जेवले. उरलेले दोन दिवस कसे काढले हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही. ते कधीही पहिले आले नाहीत. पण ते मॅट्रिक झाले म्हणून मला अधिकारी होता आले. मी लिहीत असलेल्या या प्रत्येक ओळीवर त्या फीमाफीचे कर्ज आहे.

पारितोषिक आणि नादारी यांतील फरक आपल्याच इतिहासात लख्ख दिसतो. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे ते आय. सी. एस. झाले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. त्या शिष्यवृत्तीचा मान मोठा, आणि त्यांची विद्वत्ता त्या मानास पात्रच होती. त्याच सुमारास एल्फिन्स्टन कॉलेजात भीमराव आंबेडकर शिकत होते. इंटरनंतर त्यांच्या वडिलांची ओढाताण इतकी झाली की शिक्षण थांबण्याची वेळ आली. केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले. पुढे १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शंकरशेट शिष्यवृत्ती नसती तर देशमुखांचे शिक्षण थांबले असते असे मला वाटत नाही. ते २५ रुपये नसते तर काय झाले असते, याची कल्पना करण्याचेही धाडस होत नाही. सयाजीरावांनी हे हयातीत दिले, मृत्युपत्राने नव्हे. पण देणे कसे असावे याचा वस्तुपाठ त्यात आहे. पैसा अडलेल्या क्षणी पोहोचला पाहिजे.

आता मृत्युपत्राकडे वळतो. लखनौत राहणाऱ्या माणसाला या विषयाचे शिक्षण घ्यायला पुस्तक उघडावे लागत नाही. शहरात दोन जागा पाहिल्या तरी पुरे.

पहिली जागा म्हणजे हुसेनाबादेतील वसीका कार्यालय. अवधच्या नवाबांनी ईस्ट इंडिया कंपनीला मोठमोठी कर्जे दिली. १८२५ साली गाझीउद्दीन हैदरने दिलेले एक कोटी रुपयांचे कर्ज तर कायमस्वरूपी होते. मुद्दल परत करायचे नाही. पाच टक्के दराने येणारे व्याज नेमून दिलेल्या व्यक्तींना आणि त्यांच्यामागे त्यांच्या वारसांना पिढ्यानपिढ्या देत राहायचे. हे देणे म्हणजे वसीका. कंपनी गेली, राणीचे राज्य गेले, देश स्वतंत्र झाला, तरी शब्द पाळला गेला. प्रशासनाच्या सातत्याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. पण रक्कम जिथल्या तिथे राहिली आणि वारस वाढत गेले. आज काही वसीकेदारांच्या वाट्याला महिन्याला दहा रुपयेही येत नाहीत. ते घ्यायला येण्याचे रिक्षाभाडे त्याहून जास्त होते. कोटीच्या दानाचे दोनशे वर्षांत काय होते ते येथे प्रत्यक्ष पाहता येते.

नोकरीत असताना हेच मी लहान प्रमाणावर पाहिले होते. एका जिल्ह्यात पदभार घेतल्यावर जुन्या कपाटातून एक रजिस्टर निघाले. स्वातंत्र्यापूर्वी कोणा सद्गृहस्थाने मृत्युपत्राने सरकारी रोखे ठेवले होते. व्याजातून एका गरीब विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च भागवावा असे लिहिले होते. तेव्हा तो खरोखर भागत असणार. मी पाहिले तेव्हा वर्षाचे व्याज होते बेचाळीस रुपये, आणि तेही कित्येक वर्षे कोणी उचललेले नव्हते. बेचाळीस रुपयांसाठी अर्ज, उत्पन्नाचा दाखला, मुख्याध्यापकांची शिफारस आणि कोषागाराचे बिल एवढा खटाटोप कोण करणार? लेखापरीक्षणात मात्र शेरा चोख होता : मुद्दल शाबूत. आमच्या खात्याने आकडा जपला आणि त्याचा अर्थ नाहीसा होऊ दिला. या शेऱ्याखाली मीही सही केली आहे, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

दुसरी जागा म्हणजे ला मार्टिनियर. क्लॉड मार्टिन हा फ्रान्समधल्या लियॉन शहराचा माणूस. कंपनीच्या सैन्यात मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढला आणि लखनौत अफाट श्रीमंत झाला. १ जानेवारी १८०० ही त्याच्या मृत्युपत्राची तारीख. १३ सप्टेंबर १८०० रोजी तो वारला. लखनौ, कोलकाता आणि लियॉन या तीन शहरांत शाळा काढण्यासाठी त्याने पैसा ठेवला. लखनौतील आपला कॉन्स्टान्शिया नावाचा प्रासाद शाळेसाठी दिला आणि त्याच प्रासादाच्या तळघरात स्वतःचे दफन करवून घेतले. नवाबाने वास्तू बळकावू नये म्हणून त्याने तिचीच कबर केली, असे येथे सांगतात. शाळेत वसतिगृहात ठेवून निधीतून पोसायच्या मुलांना 'फाउंडेशनर' म्हणत. म्हणजे नादारीचीच ही मुले.

या दानाचे मोल मी कमी लेखत नाही. पण तारखा पाहा. कोलकात्याची शाळा १८३६ साली उघडली, लखनौची १८४५ साली. माणूस वारला १८०० साली. मधली पंचेचाळीस वर्षे मृत्युपत्राचा अर्थ लावण्यात, दावे-प्रतिदाव्यांत आणि न्यायालयांत गेली. त्या पंचेचाळीस वर्षांत लखनौतल्या ज्या गरीब मुलांचे शाळेचे वय येऊन उलटून गेले, त्यांची नोंद कोणत्याही निकालपत्रात नाही. आणि गोष्ट तिथेही संपली नाही. याच मृत्युपत्रात कर्जापायी कैदेत पडलेल्या गरिबांना सोडवण्यासाठीही पैसा ठेवलेला होता. काळ बदलला, तो हेतू जुना झाला आणि उरलेल्या पैशाचे काय करायचे यावरचा वाद १८७६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. दात्याच्या मृत्यूनंतर शहात्तर वर्षांनी! शाळा सुरू झाल्यावरही दीर्घकाळ ती प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांचीच राहिली. ज्या शहरात संपत्ती मिळवली त्या शहरातल्या सामान्य घरांतील मुलांना तिचे दार उघडायला फार वेळ लागला.

अटींचे हे दुखणे काही एकट्या लखनौचे नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्टीफन जिरार्डने १८३१ साली मरताना गरीब, गोऱ्या, अनाथ मुलग्यांच्या शाळेसाठी प्रचंड संपत्ती ठेवली. त्यातला 'गोऱ्या' हा एक शब्द पुसायला न्यायालयांत वर्षानुवर्षे झगडावे लागले. पहिली कृष्णवर्णीय मुले त्या शाळेत शिरली ती १९६८ साली. सेसिल ऱ्होड्सच्या १९०२ च्या दानातून निघालेल्या शिष्यवृत्त्या स्त्रियांना खुल्या झाल्या त्या १९७७ साली. मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, त्याला पटवून देता येत नाही, म्हणून त्याच्या चुका सुधारायला पिढ्या लागतात.

आपण स्वतःला जिरार्डहून उदार समजतो. पण माझ्यासमोर आलेले मसुदे काय सांगतात? "आमच्या ज्ञातीतील", "आमच्या आडनावाचा असल्यास प्राधान्य", "कोकणातील अमुक तालुक्याचा मूळ रहिवासी". आयुष्याची चाळीस वर्षे गोमतीच्या काठी काढली. येथले पाणी प्यायलो, येथल्या धोब्याने कपडे धुतले, येथल्या बाईने म्हातारपणी आईला न्हाऊ-माखू घातले. आणि शेवटचा पैसा मात्र, जिथे पन्नास वर्षांत चार वेळा गेलो, त्या तालुक्यातल्या आपल्या आडनावाच्या मुलासाठी. गावाची ओढ मला समजते, मलाही ती आहे. पण ज्या शहराने आपल्याला पोसले त्याचे काहीच देणे लागत नाही काय? भातखंड्यांनी आयुष्यभर जमवलेली विद्या महाराष्ट्रापुरती राखून ठेवली असती, तर १९२६ साली लखनौत ते संगीत महाविद्यालय उभे राहिले नसते, जे आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. परप्रांतात राहून मराठीपण जपण्याचा तोही एक मार्ग आहे, आणि माझ्या मते अधिक श्रेष्ठ मार्ग आहे.

आता सर्वांत कटू मुद्दा : अमरत्वाचा मोह. प्रत्येकाला 'कायम निधी' हवा असतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून यावच्चंद्रदिवाकरौ विद्यार्थी शिकत राहावेत. हिशेब करून पाहू. समजा दहा लाख रुपये ठेवले. सहा टक्के व्याजाने वर्षाला साठ हजार रुपये मिळतात. नववी ते बारावीच्या मुलाचा फी, पुस्तके, गणवेश आणि बसभाडे धरून वर्षाचा खर्च पंचवीस हजार धरला, तर आज दोन मुलांची सोय होते. महागाईही सहा टक्क्यांनीच वाढते असे मानले तर साधारण बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. मग एकाच मुलाची सोय होते. चोवीस वर्षांनी एकाचीही पूर्ण होत नाही. साठ वर्षांनी त्या व्याजाची किंमत आजच्या बत्तिसाव्या हिश्शावर येते आणि आपला निधी माझ्या त्या बेचाळीस रुपयांच्या रजिस्टरात जाऊन बसतो. याउलट मुद्दलासह सारी रक्कम पंधरा वर्षांत संपवायची ठरवली, तर चार-चार वर्षांचे पूर्ण शिक्षण दहा मुलांना मिळते. शिल्लक रकमेवरचे व्याज महागाई भरून काढते. गंमत अशी की कायम निधीतून अनंत काळ देत राहिले तरी बेरीज याच दहा मुलांच्या पुढे सरकत नाही. फरक एवढाच की तिथे शेवटच्या काही मुलांच्या हाती फीचा शंभरावा हिस्सा आणि पावती येते. म्हणजे कायम निधीने मुले वाढत नाहीत, वाढते ती नामफलकाची मुदत.

मार्टिनचे दान टिकले कारण त्यामागे विस्तीर्ण जमीन, अफाट संपत्ती आणि न्यायालयाची देखरेख होती. आपल्याकडे एक फ्लॅट आणि चार ठेवी आहेत. आपण मार्टिन होऊ नये. आपण दहा मुलांचे काका-मावशी व्हावे.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, हे काम सरकारचे आहे, आम्ही कर भरतो. मान्य. सरकारची बाजू मांडण्यात मी हयात घालवली, म्हणून तिच्या मर्यादाही सांगतो. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागांची तरतूदही आठवीपर्यंतच चालते. नववीच्या दारात मूल एकाएकी एकटे पडते. केंद्र सरकारची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती २००८ साली सुरू झाली ती नेमकी याच वयासाठी. पण साऱ्या देशात वर्षाला नव्या एक लाख शिष्यवृत्त्या, २०१७ पासून वर्षाला १२,००० रुपये, आणि तीही परीक्षेतून निवड झालेल्यांना. जो सामान्य बुद्धीचा आणि गरीब आहे त्याचे काय? माझे वडील असेच होते. सरकार थांबते आणि घराची ऐपत अजून आलेली नसते, अशी ती चार वर्षे आहेत. खासगी दानाची जागा नेमकी तिथे आहे.

दुसरा आक्षेप मुलांच्या हक्काचा. ज्यांची मुले अडचणीत आहेत त्यांनी सारे मुलांना द्यावे, माझे काही म्हणणे नाही. पण ज्यांची मुले आपल्याहून दहापट कमावतात, त्यांनी दहावा हिस्सा बाजूला काढल्याने कोणावर अन्याय होतो? मात्र ही गोष्ट मुलांना हयातीत, तोंडाने सांगा. मृत्युपत्र उघडल्यावर बसलेला धक्का न्यायालयाची पायरी चढतो.

प्रत्यक्ष काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

रक्कम लिहू नका, हिस्सा लिहा. "पाच लाख" असे लिहिले आणि त्यानंतर वीस वर्षे जगलात, तर ते पाच लाख राहत नाहीत. "सर्व देणी भागवून उरलेल्या मिळकतीचा दहावा हिस्सा" असे लिहा. हेतू व्यापक ठेवा : "आर्थिक अडचणीमुळे शाळा सोडावी लागेल अशा, इयत्ता नववी ते बारावीच्या मुला-मुलींसाठी". जात, ज्ञात, आडनाव, गुणांची टक्केवारी यांतले काहीही नको. पैसा किती वर्षांत संपवायचा तेही लिहा. हेतू साधणे अशक्य झाले तर त्याच्या जवळपासच्या हेतूसाठी वापरण्याचा अधिकार विश्वस्तांना द्या. मार्टिनच्या प्रकरणात हे ठरवायला प्रिव्ही कौन्सिल लागले होते.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांसमोर सही करा, आणि ज्यांना लाभ होणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. हवे तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. व्यवस्थापक म्हणून आपल्याहून वयाने लहान आणि त्याच शहरात राहणारी व्यक्ती नेमा. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे मृत्युपत्र झाले, हा समज सोडा. नॉमिनी हा वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. ख्रिस्ती वाचकांना धर्मादाय दानाबाबत १९२५ च्या वारसा कायद्यातील कलम ११८ ची विशेष आडकाठी होती. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ते कलम घटनाबाह्य ठरवले. आणि स्वतःचा नवा ट्रस्ट काढण्याच्या फंदात पडू नका. जी शाळा किंवा संस्था आजच फी भरण्याचे काम नीट करते तिला द्या. हयातीत दोन वर्षे थोडे पैसे देऊन ती हिशेब कसा देते ते आधी पाहा.

माझे स्वतःचे मृत्युपत्र झाले आहे. मुलांनी ते वाचले आहे आणि मुलीने त्यातला एक शब्दही सुधारून दिला आहे. मी "होतकरू विद्यार्थी" असे लिहिले होते. ती म्हणाली, "बाबा, होतकरू कोण हे ठरवणार कोण? आजोबांना तेव्हा कोणी होतकरू म्हटले असते का?" मी तो शब्द खोडला आणि तिथे "नादार" असे लिहिले.